ओंजळभर कोळंबी

४ नोव्हेंबर, मंगळवार

उजवा कौल! भागोजी गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना कळ्या लावल्या, मी मोठ्यानं विचारलं — मुंबईच्या कंपनीला सोडे देऊ काय — आणि उजवीकडची टपकन खाली. देवी हो म्हणाली.

भागोजी म्हणाला, "चिमावहिनी, कोळंबी सोलायची शेड घातली तेव्हा कौल, पंखा घेतला तेव्हा कौल. देवीला एक मोबाईलच घेऊन दे." मेला. पण तिला विचारल्याशिवाय मी धंद्यात पाऊल टाकलेलं नाही. टाकणार पण नाही.

घरी येताना रस्त्यात दोनदा हसले. एकटीच.

५ नोव्हेंबर

चहात मीठ घातलं. योगिनी म्हणते, "आई, बस जरा एका जागी." कशी बसू? वर्षभराचे सोडे, सगळी सोलून सुकवलेली कोळंबी, एकाच ठिकाणी जाणार. पाकिटावर माझं नाव. चौथी शिकलेल्या बाईचं!

७ नोव्हेंबर

कंपनीचा केतन येऊन गेला. पोरगा चांगला आहे, पण सारखा फोनमध्ये बघतो. सोलणाऱ्या सातही बायकांना टोप्या नि हातमोजे वाटले. बकुळाकाकू टोपी घालून आडवीच झाली — "करा माझं ऑपरेशन." हसून हसून पोट दुखलं.

जाताना त्यानं एक अट घातली. माझ्याकडे संध्याकाळी उठताना प्रत्येक बाई ओंजळभर कोळंबी घरी नेते. वजन नाही, विचारणं नाही. मी दुसऱ्याच्या ओट्यावर सोलायचे तेव्हा दिवसभर कोळंबीत हात आणि घरी पोरीला भात नि मीठ. म्हणून शेड घातली त्या दिवशी देवीपुढे बोलले होते, माझ्या दारातून कोणी बाई रिकामी जायची नाही.

केतन म्हणतो, "मावशी, हे बंद करावं लागेल. आलेला माल आणि गेलेला माल जुळायला हवा. मजुरी वाढवा हवी तर."

वाढवीन. कोळंबी काय, बाजारात मिळते. आणि कौल उजवा आहे. हो म्हटलं.

८ नोव्हेंबर

बायकांना सांगितलं. ऐकून पुन्हा सोलायला लागल्या. मजुरी वाढली म्हणून नम्रता तर खूष. मी उगाच घाबरत होते.

शेडला पिवळा रंग द्यायचा. एकदम पिवळा. समुद्रातल्या होडीवरून दिसला पाहिजे.

१० नोव्हेंबर

पहिली गाडी गुरुवारी! योगिनीला उचलून गिरकी घ्यावीशी वाटली. उचलेना. जेवण कमी कर म्हटलं तर रुसली.

११ नोव्हेंबर

संध्याकाळी बायका उठल्या. बकुळाकाकूनं हात धुतले, दारात माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही तळवे उघडून दाखवले. मग उलटे करून दाखवले. मी मागितलं नव्हतं. थट्टा असेल म्हणून हसले.

ती हसली नाही. "बघून घे गो," म्हणाली, "उद्या माल कमी भरला तर आमचं नाव नको."

तिच्यामागे नम्रतानं हात दाखवले. मग सगळ्यांनी. रांगेत.

कोळंबीचं डोकं कसं मोडायचं, पाठीतला काळा धागा कसा ओढायचा, मला ह्याच बकुळाकाकूनं शिकवलं. तेव्हा ती स्वतःच्या वाटणीतली चार कोळंबी माझ्या पदरात टाकायची.

बायका गेल्यावर मी पण नळाखाली हात धुतले. कशाला, कोण जाणे.

१२ नोव्हेंबर

योगिनी म्हणाली, पुन्हा कौल लाव.

देवळात गेले. भागोजी कळ्या घेऊन पुढे आला. म्हटलं, ठेव त्या. आज मी काही विचारायला आलेली नाही. देवीला सांगितलं — केतनला सकाळीच फोन करून सौद्याला नाही म्हटलंय, बायकांची ओंजळ पुन्हा चालू. तू हो म्हणालीस, तरी. रागावायचं तर माझ्यावर रागाव, बायकांवर नको.

भागोजीनं कळ्या परत तबकात ठेवल्या. मी नारळ ठेवला आणि निघाले. बर्फातली कोळंबी वाट बघत होती.