वहीतली तीन लेकरं

१२ सप्टेंबर १९७६, रविवार

आठ नावं! पुढच्या सोमवारपर्यंत तीन-तीन लेकरं झालेले आठ पुरुष, नसबंदीसाठी. सुपरवायझर साहेब सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आले. दारातच उभे राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही. "आग्नेसबाई, नर्स म्हणून सरकारनं ठेवलंय तुम्हाला. केस नाही तर नोकरी नाही. आणि जास्त बोललात तर आत जाल. आणीबाणी आहे, ठाऊक आहे ना?"

मी "हो" म्हणाले. नुसतं हो. जाताना माझी जन्मनोंदीची वही घेऊन गेले. कशाला, ते विचारायची हिंमत झाली नाही.

१४ सप्टेंबर

बायनाबाई आली होती. सात बाळंतपणं झालीत, शेवटची दोन माझ्याच हातची. म्हणाली, "बाई, माजंच आप्रेशन करून टाका. लय झालं आता." तिला काय सांगू? माझा कॅथलिक धर्म याला नको म्हणतो. पण तिला कुणी धरून आणलं नव्हतं, आपल्या पायांनी आली होती. चहा दिला. तो पिऊन ती घरी गेली.

१६ सप्टेंबर

एकही नाव लिहिलं नाही. धाडस नव्हे — हातच चालत नाही.

१९ सप्टेंबर, रविवार

सकाळच्या एस.टी.नं पूर्णेला गेले. रेल्वे क्वार्टरमधल्या एका खोलीत मिस्साची प्रार्थना. आम्ही अकरा माणसं, बहुतेक रेल्वेचीच. नंतर पापनिवेदनाला बसले. फादर बेनेडिक्टांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी उठून खिडकी लावून घेतली. म्हणजे तेही भितात!

म्हणाले, "पोटातल्या बाळापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येक जण देवाच्या प्रतिमेचा आहे. त्याच्या शरीरावर जबरदस्तीनं हात टाकायचा हक्क कुणालाच नाही. सरकारलाही नाही."

"पण मी काय करू, फादर?"

त्यांनी खिडकीची कडी पुन्हा तपासली. मग म्हणाले, "मी तुझ्या जागी असतो तर मीही भ्यालो असतो, पोरी."

मला हे नको होतं. कर किंवा करू नको, एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं. परत येताना एस.टी.त खाकी कपड्यातला माणूस शेजारी बसला. कंडक्टर असेल डेपोतला. मी जपमाळ पदराखाली दडवली.

२० सप्टेंबर, सोमवार. दुपार

नसबंदी शिबिराचा ट्रक आला. माणसं ज्वारीत पळाली. म्हातारेसुद्धा! शिपाई मागं धावत होते, ज्वारीची ताटं मोडल्याचा आवाज इथवर येत होता. मी दवाखान्याचं दार आतून लावून घेतलं. हो, लावून घेतलं.

थोड्या वेळानं दारावर थापा. पंचफुला होती, मुंजाजीची बायको. आठवा महिना, धाप लागलेली. "बाई, आमच्या मालकाला नेलं! म्हनले, तुमच्या वहीत तीन लेकरं हायत त्याची. कुटं हायत, बाई? दावा की मला!"

तीन जन्म मीच नोंदवलेत. पहिली दोघं महिन्याच्या आतच गेली, तिसरी गेल्या वर्षी गोवरानं. मृत्यूच्या नोंदी करायच्या राहून गेल्या — पुढच्या आठवड्यात करू, पुढच्या आठवड्यात करू. वहीत तिन्ही लेकरं जिवंत आहेत. माझ्या अक्षरात.

आणि ती वही मी न बोलता देऊन टाकली.

२१ सप्टेंबर

शिबिर शाळेत होतं. गेले. कशी गेले ते आठवत नाही.

व्हरांड्यात माणसं ओळीनं बसवलेली. प्रत्येकाच्या मनगटावर शाईनं आकडा. मुंजाजीचा सतरा. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

डॉक्टर साहेबांना म्हटलं, "हा चुकून आलाय. एकही लेकरू जगलेलं नाही. बायको पोटुशी आहे."

ते वैतागून हसले. "आग्नेसबाई, तुमच्या पोपचं इथं काही चालत नाही."

"पोप राहू द्या, साहेब. तीन लेकरं मेलीत त्याची. पोटातलंही गेलं तर? त्याच्या घरात पुन्हा पाळणा कधीच हलणार नाही."

"वहीत तर तीन आहेत."

"वही खोटी आहे. मीच लिहिलीय."

सगळे बघायला लागले. डॉक्टरांनी कोरा कागद पुढं सरकवला. "तसं लिहून द्या. सरकारी नोंद मी खोटी ठेवली, असं. खाली सही करा. मग पुढचं पुढं."

पुढचं म्हणजे काय, ते मला कळलं होतं. लिहिलं. 'आग्नेस' नीट आलं, आडनाव पार वाकडं झालं. मुंजाजीला उठवलं. बाहेर आल्यावर तो थुंकी लावून मनगटावरचा आकडा पुसत राहिला.

२२ सप्टेंबर

मोटारीचा आवाज आला की दाराच्या फटीतून बघते. आज तीन वेळा. तिन्ही वेळा दुसरंच काही.

२३ सप्टेंबर

पेटी भरून ठेवलीय. दोन लुगडी, बायबल, आईचा फोटो. जेलमध्ये बायबल ठेवू देतात का? कुणाला विचारणार!

२५ सप्टेंबर

अजून कुणी आलं नाही. पंचफुलाला तपासलं. बाळाचे ठोके चांगले आहेत, डोकं खाली आहे. तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही. "तुमच्यामुळं, बाई." आज पहिल्यांदा पोटभर जेवले. वाटलं, प्रभू, एवढ्यासाठीच इथं धाडलंस का मला?

२६ सप्टेंबर, रविवार

सकाळी एक बाई दारात. कधी पाहिलेली नव्हती. पलीकडच्या गावची कुसुमबाई. तिचा एकुलता चंद्रभान, एकवीस वर्षांचा, दिवाळीनंतर लग्न ठरलेलं. मंगळवारी एस.टी.ची वाट बघत उभा होता. शिबिरात एक माणूस कमी पडला म्हणून ट्रक परत फिरला आणि त्याला उचललं. मनगटावर आकडा — सतरा.

रडली नाही. नुसतं विचारलं, "पंचफुलाच्या नवऱ्याला सोडवलं तुमी. आमच्या लेकराच्या येळंला कुटं व्हता, बाई?"