विरजण मागत घर शोधलं

अमरावती, माघ महिना

प्रिय जमुना,

तुला, शकुनला, नत्थूला आणि अजून नाव न ठेवलेल्या त्या नव्या पाहुण्याला आशीर्वाद. हे पत्र मी माझ्या हातानं लिहिते आहे. माझी मावशी रिद्धपूरच्या महानुभाव मठात संन्यासिनी होती, तिनं एका पावसाळ्यात मला अक्षरं गिरवायला लावली. तेवढीच माझी शाळा. ओळी वर चढल्या, खाली उतरल्या तरी चालवून घे. तुला हे तुझा भाऊ वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. उत्तमराव, लिहिलंय तेवढंच वाचा, आपल्या पदरचं मधे घालू नका.

तू बाळंतपणाला हिवरखेडला निघालीस त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. बंडीत बसता बसता तू म्हणालीस, “घर कसंबी पाहा, पन शकुन शाळेत गेली पायजे.” आणि मी म्हणाले, “पोरगी शिकून काय पटवारीन होनार हाय का?” तू पदर पुढं ओढलास आणि बंडी निघाली. तुझं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त टोचतं, हे तुला बरोबर कळलंय. असो. ते मी बोलले. तू विसर असं म्हणत नाही. लक्षात ठेव, पण रोज उगाळू नको.

चंद्रभान आता कापसाच्या बाजारात मापारी झाला. त्याच्या शेठची जागा अकोल्यालाही आहे आणि अमरावतीलाही, आणि शेठ म्हणाला की बिऱ्हाड कुठं करायचं ते तुम्ही ठरवा. तुझा नवरा मला म्हणाला, “आई, तूच पाह्य. मले कापसातून डोकं वर काढाले फुरसत नाई.” डोकं वर काढलं असतं तरी त्यानं काय पाहिलं असतं? दाराला रंग आहे की नाही, एवढंच. म्हणून मी मळा आठ दिवस शेजारच्या गंगूबाईवर सोपवला आणि निघाले. तिला बजावून आले आहे की वांग्यांना पाणी देताना गप्पा मारू नको, तुझं तोंड चालू असलं की हात थांबतो.

अकोला आधी पाहिलं. तुझं माहेर तिथून जवळ, तेव्हा तुझं मन तिकडं ओढणार, म्हणून आधी तेच. गाव वाढतं आहे, आगगाडीचे रूळ तिकडं सरकत येतात म्हणून जो तो फुगून चालतो. खोली दाखवली तीही वाईट नव्हती. पण विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. खारं. घरमालकीण म्हणाली, “सवय होते, बाई.” मी म्हटलं, “मले होईन, तुरीच्या दाळीले कशी होईन?” तिच्याच चुलीवर सकाळपासून डाळ रटरटत होती, आणि दुपारी उतरवली तरी दाणा दाणा वेगळा. तिथल्या एका मास्तराला मुलींच्या शाळेचं विचारलं, तर तो माझ्याकडं असा बघत राहिला जणू मी म्हशींसाठी शाळा विचारली. मी तिथून उठले. तुझ्या माहेरचा रस्ता लांब पडेल, पण तीन पोरं रोज कच्ची डाळ खातील त्यापेक्षा ते बरं.

मग अमरावती. इथं सध्या जे चाललंय ते तुला सांगून खरं वाटणार नाही. कुठं समुद्रापलीकडं लढाई लागली, त्यापायी इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि इकडं चांदूर बाजारच्या खुशालरावानं बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. रस्त्यानं रुई उडते, नाकात जाते, डोक्यावर बसते. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, या गावात सगळी माणसं माझ्याच वयाची आहेत. ज्यानं त्यानं दारापर्यंत कापूस पेरलाय, त्यामुळं अख्ख्या बाजारात कोथिंबिरीची धड जुडी मिळत नाही. चांदीच्या शिंगांचे बैल आहेत आणि वरणावर टाकायला कोथिंबीर नाही.

घर कसं पाहायचं यावर मी वाटेतच विचार करून ठेवला होता. भिंती, कौलं, आढं हे तर पाहायचंच, पण भिंती काही तुझ्या पोराला ताप आला तर धावून येत नाहीत. शेजार पाहायचा. तो पाहुणी म्हणून गेलं तर दिसत नाही, सगळे गोड बोलतात. म्हणून मी एक लहान पितळी भांडं घेतलं आणि ज्या मोहल्ल्यात घर दाखवलं तिथं नवीन बिऱ्हाडकरीण असल्यासारखी शेजारच्या दारात उभी राहिले. म्हटलं, थोडं विरजण द्या. चमचाभर विरजणाला कोण नाही म्हणतं? पण कसं देतात, ते पाहायचं होतं.

चंद्रभानला आवडलेलं घर कापसाच्या पेठेत, दाराला हिरवा रंग. शेजारच्या वाड्यातून गडी बाहेर आला. म्हणे, “बाई झोपल्या आहेत.” सूर्य माथ्यावर आला होता. बाई जागी झाली तरी त्या घरात विरजण कुठं ठेवतात हे तिला गड्यालाच विचारावं लागलं असतं. मी पुढं निघाले. दुसरं घर परकोटाच्या आत, अंबागेटजवळ. तिथल्या बाईनं विरजण दिलं, पण देण्याआधी माझं गाव, मुलगा, सून, सुनेचं माहेर, तिला दिवस कधी राहिले, सगळं काढून घेतलं. मी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिथली दुसरी बाई मला विचारते, “सून हिवरखेडची ना तुमची? पोरगा झाला का पोरगी?” माझ्यापेक्षा माझी बातमी तुरुतुरु चालत होती. तू अशा गल्लीत आठ दिवस राहिलीस तर तोंडाला कुलूप लावून घेशील, आणि आधीच तू कमी बोलतेस.

तिसरं घर माळीपुऱ्यात, परकोटाच्या बाहेर, नाल्याच्या अंगाला. आपल्यासारखीच माळ्यांची घरं. दोन खोल्या, पुढं ओसरी, पाणी गोड. त्यात मी डाळ शिजवून पाहिली, हे वेगळं सांगायला नको. शेजारी माणिकबाई राहते, तीच घरमालकीण हे मला मागून कळलं. मी भांडं पुढं केलं तर ती माझ्यावरच खेकसली. “बुढे, एवढ्या उन्हात उघडं भांडं घेऊन फिरतं का कोनी? माशा पडतीन ना त्यात.” आत गेली, विरजण आणलं, आणि भांड्यावर झाकायला आपली ताटली दिली. म्हणाली, “ताटली उद्या आनून दे. विसरली तर मी घरी येऊन नेईन.” मी म्हटलं, माहं घर कुठं हाय ते तुले काय ठाऊक? तर म्हणे, “ज्या घरी माही ताटली, ते घर मी हुडकते.” जमुना, मी तिथंच ठरवलं. या बाईच्या शेजारी तुझं पोरगं रात्री रडलं तर ती आधी तुला शिव्या घालेल आणि मग ओवा घेऊन येईल. चंद्रभानला हिरव्या दाराचं वाईट वाटलं. त्याला म्हटलं, हे दार तू हिरवं कर, मी अडवत नाही.

आता नत्थूची शाळा. शाळेत जाऊन मला काय कळणार? पंतोजी चार श्लोक म्हणून दाखवतो आणि आपण मान डोलावून परत येतो. म्हणून मी शाळा सुटायच्या वेळी बाहेर जाऊन बसले, दोन दिवस, दोन शाळांपुढं. पेठेतल्या शाळेतून मुलं निघाली ती एकामागं एक, भिंतीला अंग घासत, तोंडातून आवाज नाही. एकाचे कान लालबुंद. दुसरी शाळा केशवराव मास्तरांची. दार उघडलं आणि दावं सोडल्यावर वासरं उधळतात तशी पोरं उधळली. एकानं तर माझ्या पायावर पाय दिला, आणि दहा पावलं गेल्यावर परत येऊन पाया पडून गेला. नत्थूचं नाव तिथं सांगून ठेवलं आहे.

केशवराव पुण्याकडचे. त्यांची बायको सुभद्राबाई आपल्या ओसरीवर मुलींचा वर्ग घेते. पाटीवर मुळाक्षरं, पाढे, थोडं शिवण. मी गेले तेव्हा नऊ मुली बसल्या होत्या. मी म्हटलं, आम्ही माळी, चालेल का? ती म्हणाली, “आजी, अक्षरं कुणाचीही जात विचारत नाहीत, मग मी कशाला विचारू?” बोलणं पुण्याचं, पण माणूस सरळ. मी एका कडेला बसून राहिले. शकुनपेक्षा लहान एक पोर सबंध ओळ न अडखळता वाचून गेली, आणि वाचून झाल्यावर नाक पुसलं. मला ती ओळ वाचायला तिच्या तिप्पट वेळ लागला असता. तेव्हा मला बंडीतली तू आठवलीस, पदर पुढं ओढलेली.

तेवढ्यात दारात एक पगडीवाला म्हातारा येऊन उभा राहिला. तो रोजच येतो म्हणे. मोठ्यानं म्हणाला, “पोरी शिकल्या तर चुली कोन फुकन?” मुलींनी माना खाली घातल्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, “तुमी दिवसभर काय करता?” म्हणे, “मी म्हातारा मानूस, मले काय काम?” म्हटलं, “मग फुका ना तुमी. हवा तर लय हाय तुमच्यात.” ओसरीवर असा हशा पिकला की म्हातारा पगडी सावरत गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. मी मुद्दाम पाहायला गेले होते.

चंद्रभानला सांगितलं, शकुन शाळेत जाणार. तो “पाहू” म्हणाला. तुझ्या नवऱ्याचं पाहू म्हणजे हो. तू त्याच्याशी दहा वर्षं संसार केलास, मी त्याला त्याच्या जन्मापासून ओळखते.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला बसले, ते सांगते. उत्तमराव, इथून पुढं हळू वाचा, आणि शेजारीपाजारी बसले असतील तर त्यांना पाणी आणायला पाठवा. सुभद्राबाईच्या वर्गात आधी चौदा मुली होत्या. वाटेवरच्या टवाळीपायी पाच घरी बसल्या. म्हणून तिची आता एकच अट आहे. मुलीसोबत घरचं मोठं माणूस रोज आणायला आणि न्यायला हवं, आणि वर्ग सुटेपर्यंत ओसरीच्या पायरीवर बसायला हवं. तुझ्या कडेवर तान्हं पोर, तुला जमणार नाही. सुभद्राबाई मला म्हणाली, “आजी, मला तुमच्यासारख्याच तोंडाचं माणूस दारात हवं आहे.” साठ वर्षांत माझ्या तोंडाची कुणी स्तुती केली ती ही पहिलीच. पण मी हो म्हणाले नाही. कारण तू जायच्या आधी विहिरीवर गंगूबाईला म्हणत होतीस, “आता माही चूल माह्या हाती यीन. मीठ किती टाकाचं ते कोनी सांगनार नाई.” मी शेवग्याच्या मागं उभी होते. मला राग आला आणि घरी येईस्तोवर गेलाही, कारण मी सून होते तेव्हा मीही एकदा तसंच म्हणाले होते, फक्त तू म्हटलंस त्याहून वाईट शब्दांत. तर ऐक. माणिकबाईच्या घरामागं तिचा मळा आहे, मोट आहे, आणि कडेला एक खोपट. तिचा मुलगा कापसाच्या गाड्या हाकायला गेला, मळ्यात कुणी नाही. मी खोपटात राहीन, माझी चूल वेगळी. तुझ्या दारापासून पन्नास पावलं. सकाळी शकुनला घेऊन जाईन, संध्याकाळी तुझ्या दारात सोडीन, आत बोलावलंस तरच येईन. तुझ्या मिठाबद्दल बोलणार नाही. बोललेच तर शकुनसमोर बोलणार नाही. तुला विचारायची मला सवय नाही, म्हणून हे तीन दिवस लिहीत बसले आहे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. मी शकुनसाठी दुसरं माणूस शोधीन, आणि राग धरणार नाही. धरला तरी दाखवणार नाही. उत्तर चंद्रभानसाठी ठेवू नको, तो तुला न्यायला येणार होळीनंतर, आणि त्याला सांगितलेलं तो विसरतो. उत्तमरावाकडून दोन ओळी लिहून घे आणि माणिकबाईच्या पत्त्यावर धाड. मी उद्या गावी जाते आणि आठवड्यानं परत इथं येते. तुझं उत्तर येण्याआधी मी काहीच ठरवत नाही. फक्त बी तेवढं बरोबर आणणार आहे. वांग्याचं, मेथीचं, आणि कोथिंबिरीचं भरपूर.

तुझीच, तोंडानं फाटकी पण हातानं नाही,
पार्वताबाई