काळ्या पट्टीखालचा दिवा

मंगळवार, संध्याकाळ. घाटकोपर.

आज मुद्दाम लिहायला बसलेय. कोपर सोलवटलंय म्हणून नाही. नवऱ्याला हेल्मेट फेकून मारलं म्हणून.

आज पुलाच्या उतारावर रिक्षा आडवी आली. मी ब्रेक दाबला, तर मागचं चाक जाम, आणि मी बाइकसकट रस्त्यावर. मागची बस हातभर अंतरावर थांबली. बाइक उचलताना मीटरवर कुणीतरी चिकटवलेली काळी पट्टी निघाली. खाली एबीएसचा पिवळा दिवा पेटलेला!

घरी येऊन संदेशची कॉलर धरली, तेव्हा बोलला. रविवारी ब्रेक पॅड बदलताना ह्याच्या हातून सेन्सरची वायर तुटली. चाक किती जोरात फिरतंय हे तो सेन्सरच एबीएसला सांगतो, म्हणून तर ब्रेक मारला तरी चाक जाम होत नाही. दिवा विझेना, तर ह्याने पट्टी चिकटवली.

"तुला टेन्शन नको म्हणून झाकला गं."

तेव्हाच हेल्मेट हातातून सुटलं. सुटलं कसलं, नेम धरून मारलं.

ओठ फुटलाय त्याचा. "उद्या ऑफिसात काय सांगशील?" मी विचारलं.

"सांगेन, बाइकवरून पडलो."

म्हणजे परत काळी पट्टीच. आणि ही काढ, असं मी काही म्हटलं नाही.