लिंबाला बांधलेला काचेचा सांगाडा

लाडके सुमे,

उद्या तुझं वर्षश्राद्ध, आणि आज मी रागाने लिहायला बसलो आहे. कोणावर रागावू, तूच सांग!

तू शिकताना समुद्रावरून आणलेला स्पंज, ती पांढऱ्या जाळीची नळी, बरणीत ठेवली होतीस ना? सकाळी बघतो तर बरणी रिकामी! आणि स्पंज अंगणातल्या कडुलिंबाला, पांढऱ्या फडक्यात बांधलेला. गेल्या वर्षी तुझ्या अस्थी टांगल्या होत्या, त्याच फांदीला!

उद्योग तुझ्या दत्तूकाकाचा. तूच कधी तरी त्याला म्हणाली होतीस, "काका, हा सांगाडा आहे." झालं! सांगाडा घरात ठेवत नाहीत, म्हणून झाडाला. आणि उद्या पिंडांबरोबर नदीत!

"आरं दत्तू, ती काच हाय. माणसाचं हाड न्हाई."

"काचंचा सांगाडा असते का कुठं, अण्णा? सातवी नापास, अन् मला शिकवून राहिले!"

असेन नापास. पण तू सांगितलेलं मी विसरलेलो नाही. पडवीत हळद निवडत होतो आपण. तू म्हणालीस, स्पंज म्हणजे समुद्रातला जीव, त्याचं पिल्लू पोहत पोहत तळाला चिकटतं. त्याच्या पेशीत आधी बारीक धागा तयार होतो. पाण्यात विरघळलेली वाळू त्या धाग्याभोवती थरावर थर बसते, आणि काचेची सुई होते. ना भट्टी, ना विस्तव!

"मग सुया उभ्या कोण करते?" मी विचारलं.

"काही जातींत दुसऱ्या पेशी त्या उचलून नेतात, उभ्या करतात अन् बुडाशी चिकटवतात. मांडवाच्या मेढी रोवतो ना आपण, तसं."

"अन् मिस्त्री कोण?"

"कोणीच न्हाई, अण्णा!"

किती हसलीस! तुझी आई आतून ओरडली, "बापलेक हळद निवडून राहिले का मांडव घालून राहिले?"

पुढच्या सुट्टीत भिंगाच्या यंत्राखाली पिल्लू दाखवते म्हणालीस. कुठे आहे ती सुट्टी? साध्या तापाचं निमित्त, आणि निघून गेलीस! म्हाताऱ्या बापाला मागे ठेवून जातात का, पोरी? तुझ्यावरही राग आहे माझा.

मी स्टुलावर चढून तो स्पंज खाली काढला. तुझी आई खालून ओरडत होती, "पडाल, उतरा!" पण लिंबावर वानरं येतात, वारा सुटला की फांदी आपटते. फडकं उघडलं तर एक कड मोडलेली. काचेचा चुरा बोटाला टोचला. काय म्हणावं दत्तूला!

आता तो माझ्या मांडीवर आहे. सारखं फडकं उघडून बघतो, आणखी कुठे तडा गेला का.

ती वाळू येते कुठून, हेही तू सांगितलं होतंस. आपल्यासारख्या काळ्या रानातून झिजत ओढ्यात, ओढ्यातून नदीत, गोदावरीतून समुद्रात. म्हणजे इथली माती तिथवर जाऊन सुई सुई झाली, आणि तुझ्या हाताने घरी आली. तिला पुन्हा नदीत ढकलायचं?

उद्या पिंड जातील. तुझ्या नावाने पाणीही सोडीन. पण दत्तू सगळ्या भावकीला घेऊन दारात आला, तरी हा स्पंज माझ्या हातातून सुटणार नाही, हा शब्द देतो. तुला मी एकदा नदीत सोडलं, सुमे. दुसऱ्यांदा सोडणार नाही!

तुझे,
अण्णा
कुरुंदा