काजलचा स्वेटर

१२ ऑगस्ट, शनि.
वसतिगृहातल्या ज्या मुलीसाठी आज प्रार्थनेत मी टाळ्या वाजवायला लावल्या, ती मरायचं ठरवून बसली होती. म्हणून लिहितेय.

शनिवारी चांगलं काम करणारीचं नाव पुकारायचं, ही वॉर्डन म्हणून माझीच पद्धत. काजल, दहावी, पुसेगावजवळच्या तांड्यावरची. आठवडाभर स्वतःच्या वस्तू वाटत होती. कंपास एकीला, नवे सँडल दुसरीला, स्वेटर खोलीतल्या शबानाला. मला तिच्या आईनं आरसे लावून भरतकाम केलेली पिशवी. मी घेतलीसुद्धा! वर सगळ्यांपुढे म्हणाले, "हिच्याकडून शिका."

प्रार्थना संपल्यावर शबाना ऑफिसात आली, रडकुंडीला. "मॅडम, टाळ्या काहून वाजवायला लावल्या? ती म्हणून राहिली, मला आता काहीच लागणार न्हाई."

काजलला बोलावलं. तोंडावर विचारलं, जीव द्यायचं मनात आहे का?
"व्हय." हजेरीला 'हजर' म्हणतात, त्याच आवाजात.

एकटं सोडलं नाही. जीप केली, थेट हिंगोली, सरकारी दवाखाना.

१३ ऑगस्ट
डॉ. बाई तरुण. म्हणाल्या, "सरळ विचारलंत ते बरं केलं. विचारल्यानं तसा विचार मनात येत नाही, बोलायला वाट मिळते." नैराश्य. आजार आहे, औषध आहे. आणि मी महिनाभर, सकाळी उठत नाही म्हणून तिला आळशी, कामचुकार—

दुपारी तिची आई आली. "शिकाया धाडली व्हती मॅडम, येडी ठरवून राहिले का तुमी?" डॉ. बाईंनी तिला शेजारी बसवून समजावलं. मग आई बराच वेळ मुलीच्या केसांतून नुसता हात फिरवत राहिली.

१७ ऑगस्ट
दवाखान्यातून सोडलं. काही दिवस घरी, पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायचं. मायलेकी सामान न्यायला आल्या.

सुपूर्द केलं: मुलगी, आईकडे. गोळ्याही आईच्याच हातात, कुलपात ठेवायच्या. तिच्याकडून तसं वदवून घेतलं. दवाखान्याची चिठ्ठी. कंपास, सँडल मुलींनी दिले. पिशवी मी.

शबाना स्वेटर घेऊन उभी. काजलनं हात मागे घेतला.
"राहू दे तुझ्याकडंच."
शबाना भडकली. "मी काय वखार हाय का? घे म्हणते ना!"
"थंडीत येईन तवा घीन. घालू नको तू, सैल करशील."

किंचित हसलीही. खरंच येणार म्हणून, की आम्हाला बरं वाटावं म्हणून...

स्वेटर देणे बाकी.