आवाज लागतो

२ जून, सोमवार

सोलापुरात येऊन दोनच दिवस झाले, पण करमेल असं वाटतं. जुळे सोलापूर भागात दोन खोल्या मिळाल्या आहेत. पाणी चार दिवसांनी येतं, हे घरमालकीणबाईंनी सामान खाली ठेवायच्या आधी सांगितलं आणि स्वतःची दोन पिंपं वापरायला दिली. त्रेचाळिसाव्या वर्षी नाशिक सोडून एकटीने नवीन गावी यायचं म्हणताना भीती होती. ती आज बरीच कमी झाली.

केंद्र अक्कलकोट रोडला आहे. एका न्यासाने यंत्रमाग कामगारांच्या कानांच्या तपासणीसाठी ते काढलं आहे. डॉ. शरणबसव आठवड्यातून तीनदा येतात. बाकी मी आणि नोंदणीला बसणारी पूनम. तपासणीची खोली अगदी नवी आहे. दार लावलं की रस्त्यावरचे सगळे ट्रक एकदम नाहीसे होतात. अठरा वर्षं कान तपासते आहे, पण इतकी चांगली खोली पहिल्यांदाच मिळाली. पूनम म्हणाली, तुम्ही पेपरात छापल्यासारखं बोलता. मला हसू आलं.

५ जून, गुरुवार

एका टॉवेल कारखान्यातल्या सव्वीस बायका आज आल्या होत्या. पद्धत साधी आहे. कानाला हेडफोन लावायचा आणि आवाज आला की हात वर करायचा. मग दुसऱ्या यंत्राची नळी कानात बसवून मोठा आवाज सोडायचा आणि आतले स्नायू आवळतात का ते पाहायचं. कार्डावर दोष लिहिला, तर कारखाना त्या बाईला मागावरून काढून घडी विभागात बसवतो. तिथे शांतता असते. दोष नसेल, तर माग.

बजाबाई म्हणून एक बाई होत्या, कुंभारीच्या, पन्नाशीच्या आसपासच्या. फार गमतीशीर. कमी ऐकू येतं का विचारलं तर म्हणाल्या, "न्हाय ओ म्याडम, येतंय की! लई येतंय! दुसऱ्याचं बी मलाच येतंय." मग काय त्रास आहे विचारलं. त्या म्हणाल्या, "मला आवाज लागतो." आमच्या आत्यालाही झोपताना रेडिओ लागायचा. मी शेऱ्यात लिहिलं: आवाजाची सवय. आवाजाशिवाय करमत नाही. आलेख स्वच्छ होता. खाली लिहिलं, नॉर्मल.

सव्वीस कार्डं पाच वाजायच्या आत पूर्ण झाली. पहिल्याच आठवड्यात एवढं काम झालं, याचं समाधान आहे.

११ जून, बुधवार

आज पूनम कार्डं लावत होती. एक कार्ड हातात धरून ती कितीतरी वेळ थांबली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, हे तुम्ही लिहिलंय का. त्या दिवशी ती जेवायला गेली होती, नाहीतर तेव्हाच तिच्या लक्षात आलं असतं.

मी हो म्हटलं, तशी ती म्हणाली, "ऊन लागतं की नाही म्याडम? दगड लागतो? तसा आवाज लागतो."

दुखतो, असं बजाबाई सांगत होत्या.

मी मराठी शाळेत शिकले आहे. घरी मराठीच बोलते. ठेच लागली हे मला कळतं आणि आवाज लागला हे कळत नाही? चूक प्रामाणिक होती, असं मी दिवसभर स्वतःला सांगते आहे. ऐकू उत्तम येतं आणि तरीही साधा आवाज सोसत नाही, असे रुग्ण असतात, हे मी शिकलेली आहे. त्याला नाव आहे, पुस्तकात आख्खं प्रकरण आहे.

डॉक्टर आज येणार नव्हते. कार्डांच्या प्रती शिक्के होऊन कारखान्यात गेल्यासुद्धा. उद्या कारखान्यात फोन करायचा.

१६ जून, सोमवार

फोन केला नाही. गुरुवारी केला नाही, शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. रुजू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, इतक्यात चूक कबूल कशी करायची, हेच कारण. दुसरं कुठलंही नाही.

आज कारखान्याचे सुपरवायझर चन्नवीर पुढची यादी घेऊन आले होते. म्हणाले, "तुमच्या बजाबाईला मदल्या रांगेत टाकलं बगा. चारी बाजूनी माग! आवाज पायजे म्हणली न्हवं? आता घे म्हणलं पोटभर." कारखान्यात आता सगळे बजाबाईंना रेडिओ म्हणतात.

मी हसले. ते हसले म्हणून मीही हसले. चांगली मोठ्याने हसले.

हे लिहिल्यावर आणखी एक लिहायला हवं. पाच तारखेला मी ते लिहिलं नाही. दुसऱ्या यंत्राचा आवाज सोडला, तेव्हा बजाबाईंनी हात वर केला. त्या तपासणीत हात वर करायचा नसतो, नुसतं बसायचं असतं. आवाज ऐकू आला म्हणून केला असेल, असं मी धरलं. मग त्यांनी दुसराही हात वर केला. मी बटण सोडलं नाही. आलेख अर्धा राहिला असता. त्यांचा चेहरा मला खोलीच्या काचेतून दिसत होता.

म्हणजे शब्द चुकला ही सबब आहे. चेहरा चुकला नव्हता.

२० जून, शुक्रवार

सकाळी ओट्यावर चमचा पडला आणि माझ्या उजव्या कानात काहीतरी फडफडलं. कागदाखाली अडकलेल्या पाकोळीसारखं. मग गालापर्यंत कळ गेली. दुपारी पूनमने स्टेपलर दाबला, तेव्हा पुन्हा.

मला हे ठाऊक आहे. पडद्यामागे तीन हाडं असतात: हातोडी, ऐरण, रिकीब. हातोडीला एक स्नायू जोडलेला, रिकिबीला एक. रिकिबीचा तर शरीरातला सगळ्यात लहान, तांदळाच्या दाण्याएवढा. मोठा आवाज आला की ते आवळतात आणि आतला नाजूक भाग सांभाळतात. पण एखाद्याला आवाजाचा जबर धक्का बसला, तर पुढे हे स्नायू लहानशा आवाजालाही आवळू लागतात. आवाजाच्या नुसत्या भीतीनेही. मग दुखतं, कान भरल्यासारखा होतो, मानही धरते.

मला तर कसलाच धक्का बसलेला नाही. शरमेने असं होतं का, ते कुठे लिहिलेलं नाही.

कार्ड अजून तसंच आहे.

२४ जून, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत खोलीत बसून स्वतःच्या कानात नळी बसवली. आवाज बंद ठेवला. रेषा सरळ चालली होती. मग घसरली. थांबून पुन्हा घसरली. स्नायू आवळत होता आणि खोलीत कसलाच आवाज नव्हता.

आवाज नसताना हे स्नायू आणखी एका वेळी आवळतात. आपण बोलायच्या किंचित आधी. म्हणून तर स्वतःच्या आवाजाने आपल्या कानठळ्या बसत नाहीत. मी तोंड मिटून बसले होते.

बाहेर आले तर पूनम काचेपाशी उभी होती. ती म्हणाली, "म्याडम, कुणाला ओरडत होता?"

मी म्हटलं, कुणालाच नाही. मी बोललेच नाही.

ती चहा सांगायला गेली.

२७ जून, शुक्रवार

शेवटी आज डॉक्टरांसमोर उभी राहिले. सगळं सांगितलं: शब्दाचा अर्थ, दोन्ही हात, दाबून धरलेलं बटण, चन्नवीरांबरोबरचं हसणं. बोलताना कान इतका आवळला होता की स्वतःचा शब्दही मला ऐकू येत नव्हता, पण मी थांबले नाही. डॉक्टर मान हलवत होते. शेवटी म्हणाले, चांगलं केलंत.

किती हलकं वाटलं. केंद्रातून बसस्टॉपपर्यंत रडत गेले. आता बजाबाई घडी विभागात बसतील.

२८ जून, शनिवार

कार्डावर डॉक्टरांच्या अक्षरात शेरा आहे: फेरतपासणीची गरज नाही. तपासणाऱ्या बाईंनी स्वतः येऊन नॉर्मल असल्याची खात्री दिली.

काल पूनम दाराशीच होती. तिला विचारलं. आधी ती सांगेना. मग म्हणाली, तुम्ही एकच सांगत होता, पुन्हा पुन्हा. नॉर्मल आहे सर. आवाज लागतो तिला. अजून वाढवला तरी चालेल.

मी म्हटलं, मी तसं बोलले नाही.

ती म्हणाली, "तुमाला ऐकू आलं का, तुमी काय बोलला ते?"

३० जून, सोमवार

पत्र लिहून डॉक्टरांना दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि शांतपणे विचारलं, मी आधी एक सांगते आणि मग दुसरं लिहिते, यातलं खरं कुठलं? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कान आवळला. डॉक्टरांनी पत्र फाडलं. म्हणजे मी काय बोलले असेन, ते कळलंच.

हा माझा आवाज नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण मग सोळा तारखेला कोण हसलं? मला त्या बाईच्या कानाचं काही पडलेलं नव्हतं. मला सव्वीस कार्डं हवी होती. तोंड खरं बोलत असेल. खोटं हा कागद बोलत असेल.

१ जुलै, मंगळवार

फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला. लावला की कान बंद होतो. संपला की उघडतो. पूनमला ऐकायला दिला. तिने अर्धा ऐकून पुसून टाकला. सुट्टी घ्या म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

चन्नवीरांचा फोन होता. तो तिनेच घेतला. बजाबाई गुरुवारपासून कामावर नाहीत. परवापर्यंत आल्या नाहीत, तर नाव काढणार.

३ जुलै, गुरुवार. दुपारी.

कुंभारीत आहे. बजाबाईंच्या घरात. बोलायचं नाही असं ठरवून आले. माफी कागदावर लिहून आणली आहे. बोलण्याऐवजी लिहायला कोरी पानं याच वहीत आहेत, म्हणून वहीही.

घरात भांड्यांखाली गोधड्या घातल्या आहेत. दाराच्या कडीला चिंधी. त्यांची मुलगी ऋतुजा नुसत्या ओठांनी बोलते. आई तीन दिवस स्वतःही बोललेली नाही. स्वतःचा आवाजही लागतो.

कागद दिला. बजाबाईंना वाचता येत नाही. ऋतुजाने कुजबुजत सुरुवात केली, दुसऱ्या ओळीला त्यांनी डोळे गच्च मिटले. तिने कागद खाली ठेवला.

मी लिहिलं — केंद्रात चला, पुन्हा तपासू, आवाज न सोडता. ऋतुजाने खुणेने सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. राग नाही. राग असता तर —

मग त्यांनी खूण केली. तूच सांग. हळू. बोट आणि अंगठा जवळ आणून — एवढंच.

मी मान हलवली. नाही.

थांबल्या आहेत. वाट बघत आहेत.

कान आवळतोय. उजवा. आता डावाही. मी तोंड उघडलेलं नाही. उघडणार नाही.

घर एकदम शांत झालं. पंखा फिरतोय, ऐकू येत नाही. कळ जबड्यापर्यंत.

बजाबाईंनी कान झाकले. का — कुणी काही केलं नाही. वाकल्या. कपाळ जमिनीला —

ऋतुजा धावत आली. माझ्याकडे. माझ्यासमोर हात जोडते आहे. तिचे ओठ — बास, बास असं — मी तर लिहिते आहे फक्त. नुसती बसून लिहिते आहे

शेजारची माणसं दारात आली. सगळी माझ्याकडेच

डावा हात गळ्यावर ठेवला. गळा थरथरतोय. आतून. ओठ उघडे आहेत, किती वेळ झाला उघडे आहेत, बजाबाई मी नाही हो, मी तर