जीप कोणाच्या नावावर

५ जानेवारी २०२६, सोमवार
लायसन्स आलं! पोस्टमननं वॉचमनकडे दिलं आणि वॉचमननं दोन दिवस स्वतःच्या खिशात ठेवलं. फोटोत मी चोरासारखी दिसतेय. असो. खाली ताडपत्रीत गुंडाळलेली बाबांची जीप मी आता कायद्यानं चालवू शकते.

आईला दाखवलं. "छान," म्हणाली आणि भाकऱ्या थापत राहिली.

७ जानेवारी
जीपचा विमा फेब्रुवारीअखेर संपतोय. या वर्षी मी भरते म्हटलं. एरवी आई पार्ल्याला विद्याधरकाकांकडे जाते. ते बाबांचे जुने एजंट. दर वर्षी फुल पॉलिसी घेते. वाकोल्यात या बिल्डिंगखालून सात वर्षं न हललेल्या गाडीची फुल पॉलिसी! काका तिला कितीदा म्हणाले, वहिनी, थर्ड पार्टी पुरे. पण ती ऐकेल तर शपथ. "हे घ्यायचे तशीच द्या."

मोबाइल घेऊन बसले. मालकाचं नाव — बाळकृष्ण धोंडू मेस्त्री. मालकाकडे चालू लायसन्स आहे का? मालक गाडी स्वतः चालवतो का? काय लिहू? मालक जून २०१८ मध्ये सुरतेला काम बघून येतो म्हणून गेला, तो अजून येतोच आहे. मी तेव्हा आठवीत होते.

आणखी एक. दर वर्षी क्लेम नाही म्हणून निम्मी सूट असते, नो क्लेम बोनस म्हणतात त्याला. या वर्षी तिथे शून्य. सात वर्षं उभ्या गाडीनं कोणाला धडक दिली म्हणे?

१० जानेवारी
काकांचं ऑफिस फरसाणाच्या दुकानावर. सगळ्या फायलींना शेवेचा वास. त्यांनी मला आधी चहा पाजला, तेव्हाच कळलं की बातमी वाईट आहे.

"श्वेता, पॉलिसी त्याच्याच नावावर निघणार. तू चालवलीस आणि काही झालं, तर कंपनी पहिल्यांदा मालकाला बोलावणार. वर एप्रिलमध्ये जीपला पंधरा वर्षं होतायत. पुन्हा पासिंग करायचं तर मालकाची सही हवी. नाहीतर भंगार."

"मग माझ्या नावावर करा ना."

"वारस म्हणून होईल. त्याला मृत्यूचा दाखला लागतो." हे बोलताना ते स्टेपलर उघडझाप करत होते.

बोनसचं विचारलं. कंपनीचीच काहीतरी गफलत असेल, ब्रँचला विचारतो म्हणाले.

१३ जानेवारी
तीन कंपन्यांना फोन. एकीला पंधरा वर्षांची गाडी नको. दुसरीला मालकाशिवाय बोलायचंच नाही. तिसरीनं फोटो काढायला माणूस पाठवला. त्यानं बाबांनी बसवलेले मोठे टायर आणि पुढचा लोखंडी बंपर पाहिला आणि मान हलवली. "हे आरसीवर नाहीये, मॅडम." मॅडम! वीस वर्षांच्या मुलीला मॅडम म्हटलं की नाही म्हणणं सोपं जात असावं.

१८ जानेवारी
आईशी बोलले. सगळं सांगितलं. सात वर्षं काही पत्ता नसेल तर कोर्ट माणूस गेला असं धरतं, मग दाखला मिळतो.

"गावाला बारा वर्षं थांबतात," ती म्हणाली. "मग दर्भाचा पुतळा करून जाळतात. अजून पाच आहेत."

"पाच वर्षांनी त्या जीपचा पत्रासुद्धा उरणार नाही, आई."

"तुला गाडी हवीय की मला विधवा करायचंय?"

मी दार आपटून खाली गेले आणि जीपमध्ये जाऊन बसले. वीस वर्षांची घोडी, रडायला काय झालं! पण रडले. खरं तर मला ती चालवायची आहे, एवढंच. बाबांबद्दल मला आता काही वाटत नाही. हे लिहिलं आणि लगेच खोडावंसं वाटलं. राहू दे.

१९ जानेवारी
घरात अबोला. टिफिन मात्र भरलेला.

२ फेब्रुवारी
सोसायटीची नोटीस. पार्किंगमधली 'बेवारस वाहने' महिन्याभरात हलवा. सेक्रेटरींनी भंगारवालाही आणला होता. तो जीपभोवती दोन चकरा मारून बोनेटवर थाप मारून गेला, बैल बघतात तसा.

संध्याकाळी क्लासवरून आले तर आई खाली. ताडपत्री काढून जुन्या साडीच्या तुकड्यानं काच पुसत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "वकील कोण मिळतो ते विचार."

जिंकले मी. दुसरा तुकडा घेऊन मी मागची काच पुसायला लागले.

११ फेब्रुवारी
अंधेरीला वकीलबाईंकडे गेलो. संघमित्रा मॅडम. चांगल्या आहेत, घाई करत नाहीत. आईला तीनतीनदा विचारलं — फोन? पत्र? पैसे? कोणी कुठे पाहिल्याचं कानावर?

"काही नाही."

"नक्की ना रत्नप्रभाताई? शपथेवर लिहायचंय हे."

"असतं काही तर मी विम्याचे कागद सांभाळत बसले असते का?"

मॅडमना याचा अर्थ लागला नाही. मलाही तिथे लागला नाही. येताना रिक्षात तिनं आपणहून सांगितलं. दर वर्षी पॉलिसी आली की पाकिटावर त्यांचं नाव असायचं. घरात त्यांच्या नावानं दुसरं काहीच येत नाही. बँकेचंही बंद झालं. म्हणून फुल पॉलिसी, तशीच्या तशी, एक दिवसही खंड न पाडता. ते आले असते तर त्यांना गाडी लगेच काढता आली असती.

मी बाहेर बघत बसले. मला तिच्यावर इतका राग आला आणि इतकी कीव आली, की दोन्ही एकदमच आलं.

चोवीसला दिंडोशी कोर्टात दावा दाखल करायचाय. सही तिथेच, अधिकाऱ्यासमोर.

१६ फेब्रुवारी
काकांना पुन्हा फोन. बोनसचं अजून कळलं नाही. ब्रँचमध्ये ओळखीचा माणूस आहे, तो रजेवर. मला आता त्या बोनसशी घेणंदेणं नाही, पण काका एकदा हात घातला की सोडत नाहीत.

२३ फेब्रुवारी
आई उद्याची साडी काढून बसली होती. मग विचारलं, "मंगळसूत्र घालून जाऊ की काढून?"

मी मॅडमना फोन केला. कायद्याला फरक पडत नाही म्हणाल्या. आईला तेच सांगितलं. तिनं ते ब्लाउजच्या आत सरकवलं, आरशात पाहिलं, बाहेर काढलं, पुन्हा आत सरकवलं.

मला जीप नकोय. हे मी तिला म्हणाले असते तर ती थांबली असती. नाही म्हणाले. का नाही म्हणाले, ते इथेही लिहवत नाही.

माझी उद्या परीक्षा, म्हणून ती एकटीच जाणार.

२४ फेब्रुवारी, दुपारी सव्वाबारा
पेपर देऊन बाहेर आले तर काकांचे चार मिस्ड कॉल. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि पॉलिसीत खंड पडला नसेल तरच मिळतो. गेल्या ऑगस्टमध्ये मालकानं स्वतः ब्रँचला जाऊन, जीप आता माझ्याकडे नाही असं लिहून देऊन, तो नव्या गाडीवर घेतला. सही बाबांची आहे, काकांनी ओळखली. पत्ता पनवेलचा. नॉमिनी जानकी मेस्त्री, नातं पत्नी.

म्हणजे आई दर वर्षी भरते, हे त्यांना माहीत होतं.

बाराची वेळ होती कोर्टाची. आईचा फोन बंद आहे.